कॅमेऱ्याची कुळकथा

माझ्या घरीं एक जुना फोटो आहे. त्यांत खिडकी फार उत्तम आली आहे. तिचे गज मोजून घ्यावेत इतके स्पष्ट आहेत. बाहेरच्या पेरूच्या झाडाचें पान न् पान ओळखूं येतें. आणि त्या खिडकीपुढें एक काळी आकृति बसलेली आहे. ती आकृति म्हणजे माझी आई.

ही १९८६ सालची गोष्ट. एका मित्राचा स्वयंचलित कॅमेरा मीं दोन दिवसांसाठीं मागून आणला होता. आई खिडकीशीं तांदूळ निवडीत बसली होती. तिच्या पाठीमागून सकाळचें ऊन आंत येत होतें. तें दृश्य मला मोठें सुंदर वाटलें आणि मीं खटका दाबला. फिल्म धुवून आली तेव्हां आईचा चेहरा कोठेंच नव्हता. आमच्या पेठेंतल्या छायाचित्रकारानें ती फिल्म उजेडाकडे धरून पाहिली आणि तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हीं फोटो खिडकीचा काढलात, आई फक्त मध्यें बसल्या होत्या. चेहऱ्याच्या जागीं फिल्म कोरीच राहिली आहे. जें उमटलेंच नाहीं, तें मी कागदावर कोठून आणूं?" बरें, पुन्हां काढूं, असें म्हणून मी घरीं आलों. पुढच्या पावसाळ्यांत आई गेली. तिचा दुसरा फोटो आमच्या घरीं नाहीं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शाळामास्तर. चूक कोठें झाली हें तरी कळावें, म्हणून त्यानंतर मी कॅमेऱ्याविषयीं मिळेल तें वाचूं लागलों. तेव्हां ध्यानांत आलें कीं, कॅमेऱ्याचीं अंगें शिकण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याचा इतिहास. त्याचें प्रत्येक अंग कोणत्या ना कोणत्या अडचणीच्या पोटीं जन्मलेलें आहे. ती अडचण कळली म्हणजे त्या अंगाचें काम निराळें पाठ करावें लागत नाहीं. ती कुळकथा आज आपल्याला सांगावयाची आहे.

'कॅमेरा' या लॅटिन शब्दाचा अर्थ खोली. केप्लर या ज्योतिर्विदानें १६०४ सालीं 'कॅमेरा ऑब्स्क्यूरा', म्हणजे अंधारी खोली, असा शब्द योजिला. त्यांतलें विशेषण पुढें गळालें आणि नुसती खोली शिल्लक राहिली. या खोलीचा चमत्कार कौलारू घरांत वाढलेल्या प्रत्येकानें पाहिलेला आहे. दुपारीं कौलांच्या फटींतून जमिनीवर कवडसे पडतात. फट वांकडीतिकडी असली तरी कवडसा वाटोळाच असतो. असें कां व्हावें? कारण तो फटीचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. सूर्यग्रहण लागलें म्हणजे तेच कवडसे कोरीसारखे होतात. आजपासून सुमारें एक हजार वर्षांपूर्वीं इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञानें ग्रहणांतल्या अशाच कोरीच्या प्रतिमेचा अभ्यास करून त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. प्रकाश सरळ रेषेंत जातो. म्हणून झाडाच्या शेंड्याकडून निघालेला किरण छिद्रांतून आंत शिरून खालीं जातो, बुंध्याकडचा किरण वर जातो, आणि अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर बाहेरचें जग उलटें उभें राहतें.

पण या खोलींत एक अडचण होती. छिद्र बारीक केलें तर प्रतिमा रेखीव होई, परंतु अंधुक दिसे. छिद्र मोठें केलें तर उजेड भरपूर येई, परंतु प्रतिमा फांकून जाई. ही अडचण भिंगानें दूर केली. एका बिंदूपासून निघून पसरलेले किरण भिंग पुन्हां एका बिंदूंत आणतें, त्यामुळें मोठ्या छिद्रांतूनही रेखीव प्रतिमा मिळूं लागली. मात्र भिंगाच्याही मर्यादा असतात. तें एका वेळीं एकाच अंतरावरची वस्तु नेमकी दाखवितें. तिच्या मागचें-पुढचें थोडें पुसट होतें. भिंग पुढें-मागें सरकवून हवी ती वस्तु स्पष्ट करणें, यालाच आपण 'फोकस' करणें म्हणतों. व्हेनिसच्या दानिएले बार्बारो यानें सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आणखी एक युक्ति लिहून ठेविली. भिंगाची कड झांकून मध्यापुरतीच जागा उघडी ठेवावी, म्हणजे प्रतिमा अधिक स्वच्छ येते. चष्मा हरवलेला म्हातारा माणूस डोळे बारीक करून पत्र वाचतो, तोच हा न्याय. आजच्या कॅमेऱ्यांतल्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राचा, म्हणजे ज्याला दुकानांत 'अपर्चर' म्हणतात त्याचा, उगम येथें आहे.

तात्पर्य, खोली झाली, भिंग झालें, छिद्र झालें. परंतु प्रतिमा भिंतीवर पडे आणि संध्याकाळीं मावळून जाई. तिला धरून ठेवणारें कांहीं हवें होतें. तें काम चांदीच्या क्षारांनीं केलें. हे क्षार उजेडानें काळे पडतात, असें जर्मनींतल्या शुल्त्स यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं दाखवून दिलें होतें. १८०२ सालीं इंग्लंडमध्यें वेजवुड आणि डेव्ही यांनीं अशा क्षारानें माखलेल्या कागदावर व कातड्यावर पानांच्या आकृति उमटविल्याही. पण त्या पाहावयाच्या तर मेणबत्तीच्या मंद प्रकाशांत! दिवसाच्या उजेडांत आणल्या कीं उरलेला कागदही काळा पडे आणि चित्र बुडून जाई. उमटविणें आणि टिकविणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें तेथें प्रथम कळलें.

दोन्ही गोष्टी साधल्या त्या फ्रान्समधल्या निसेफोर नीप्स यानें, १८२६ किंवा १८२७ सालीं. त्यानें जस्तवर्गी पातळ पत्र्याला नव्हे, तर कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्याला एका जातीचें डांबर लाविलें. उजेड लागेल तेथें तें डांबर कठीण होई, न लागेल तेथें तेलानें धुवून निघे. हा पत्रा त्यानें आपल्या घराच्या वरच्या खिडकीशीं ठेविला. तो निदान आठ तास तरी तेथें होता, आणि अलीकडच्या अभ्यासकांना तर तो कित्येक दिवस असावा असें वाटतें. त्यामुळें सूर्य एका बाजूकडून दुसरीकडे गेला आणि चित्रांतल्या इमारतींच्या समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेलें दिसतें. निसर्गांत जें एका क्षणीं कधींच घडत नाहीं, तें जगांतल्या या सर्वांत जुन्या उपलब्ध छायाचित्रांत आहे. तो पत्रा आज अमेरिकेंत टेक्सस विद्यापीठाच्या संग्रहांत आहे.

१८३५ सालीं इंग्लंडमध्यें टॅल्बट यानें कागदावर जें चित्र मिळविलें, तेंही त्याच्या घरांतल्या खिडकीचेंच होतें. हा योगायोग नव्हे. ज्या काळीं पत्रा व कागद फार मंद होते, त्या काळीं घरांतली सर्वांत उजळ जागा म्हणून खिडकीकडेच धांव घ्यावी लागे. माझ्या फोटोंतही खिडकीच उमटली, याचें नवल मला तेव्हांपासून वाटेनासें झालें.

नीप्सचा भागीदार दागेर यानें चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ आणि पाऱ्याची वाफ यांच्या साहाय्यानें चित्रें काढण्याची कृति सिद्ध केली, आणि १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिसमध्यें ती जगासमोर उघड करण्यांत आली. त्याचें १८३८ सालचें एक चित्र प्रसिद्ध आहे. पॅरिसमधला वाहता रस्ता. परंतु चित्रांत तो ओस पडलेला दिसतो. गाड्या गेल्या, घोडे गेले, माणसें गेलीं, कोणाचाही मागमूस पत्र्यावर राहिला नाहीं. राहिला तो एक गृहस्थ, कारण तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठीं एका जागीं उभा होता. पत्र्याला उजेड कांहीं मिनिटें द्यावा लागे; तेवढा वेळ जो थांबला तो उरला. कॅमेऱ्याला माणसें दिसत नाहींत, त्याला प्रकाश आणि वेळ या दोनच गोष्टी दिसतात, हें या एका चित्रावरून जितकें कळतें तितकें शंभर नियमांनीं कळणार नाहीं.

टॅल्बटच्या कागदावर उजळ तें काळें आणि काळें तें पांढरें येई. असल्या उलट्या चित्रावरून सुलट्या प्रति हव्या तितक्या काढतां येत. यालाच निगेटिव्ह हें नांव रूढ केलें तें जॉन हर्शेल या ज्योतिर्विदानें. न काळवंडलेला चांदीचा क्षार हायपोनें धुवून काढावा म्हणजे चित्र टिकतें, हा उपायही त्याचाच. फिल्म धुणारे लोक आजही हायपो वापरतात.

आतां खटाटोप सुरू झाला तो वेळ कमी करण्याचा. चेहऱ्याचें चित्र काढावयाचें तर माणसानें मिनिट मिनिट निश्चल बसावें कसें? त्यासाठीं खुर्चीला मागें लोखंडी चिमटा लावून त्यांत डोकें अडकवीत. १८४० सालीं व्हिएन्नाच्या पेत्सव्हाल या गणितज्ञानें हिशेब करून असें भिंग रचलें, कीं तें पूर्वीच्या भिंगांपेक्षां कितीतरी पट अधिक प्रकाश आंत घेई. छिद्र मोठें झालें तशी वेळ कमी झाली. १८५१ सालीं आर्चर या इंग्रजानें कांचेवर कोलोडियनचा ओला थर देण्याची कृति प्रसिद्ध केली आणि वेळ कांहीं सेकंदांवर आली. या गृहस्थानें आपल्या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. साऱ्या जगानें तो फुकट वापरला आणि तो स्वतः १८५७ सालीं दारिद्र्यांत वारला.

हीच ओल्या कांचेची विद्या आपल्या मुंबईसही आली. १८५४ सालीं तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पिढींतले नामांकित छायाचित्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला, आणि तेथें शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें मुंबईंत आपला धंदा थाटला. या मंडळींच्या कष्टांची आज कल्पना करवत नाहीं. कांच माखावयाची, चांदीच्या द्रावांत बुडवावयाची, ती ओली असतांनाच चित्र घ्यावयाचें आणि ताबडतोब अंधारांत जाऊन धुवावयाचें. कोलोडियनमध्यें ईथर असतें आणि तें उन्हाळ्यांत भराभर उडून जातें. म्हणजे आपल्या हवेंत हातांत असलेला वेळ आणखी कमी! घराबाहेर पडावयाचें तर काळोखाचा तंबूही बरोबर न्यावा लागे.

१८७१ सालीं मॅडॉक्स या इंग्रज वैद्यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेचा मार्ग दाखविला, आणि त्या दशकाच्या अखेरीस उजेडाची वेळ सेकंदाच्या लहानशा भागावर येऊन ठेपली. तोंवर छायाचित्रकार भिंगावरचें टोपण हातानें काढी, मनांत आंकडे मोजी आणि टोपण पुन्हां लावी. सेकंदाचा शतांश हातानें कोण मोजणार? म्हणून आपोआप उघडून मिटणारी झडप सर्वांनाच हवीशी झाली. तीच आजचें शटर.

झडपेनें काळ कसा कापतां येतो, हें आपल्या दादासाहेब फाळके यांनीं निराळ्या रीतीनें दाखविलें. बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकलेल्या फाळक्यांनीं १९१२ सालीं कुंडींत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचीं चित्रें ठराविक अंतरानें एकेक करून घेतलीं. तीं भरभर दाखवितांच पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढें वेल सरसर वर चढूं लागला. पॅरिसच्या पत्र्यानें धांवणारीं माणसें पुसून टाकलीं होतीं. फाळक्यांच्या कॅमेऱ्यानें न हलणाऱ्या रोपाला चालतें केलें.

श्रोतेहो, येथवर आपल्या हातीं तीन गोष्टी आल्या: छिद्र, झडप आणि प्रकाश टिपणारा पृष्ठभाग. या तिहींचा मेळ म्हणजेच छायाचित्रण. त्यांचे आंकडे पाहून नवशिका बुजतो, म्हणून तेवढे सांगतों. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानें भागलें म्हणजे छिद्राचा आंकडा येतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाचें छिद्र २५ मिलिमीटर असेल तर आंकडा २. छिद्र सव्वासहा मिलिमीटर असेल तर आंकडा ८. म्हणजे आंकडा मोठा तर छिद्र लहान. २, २·८, ४, ५·६, ८, ११, १६ अशी ही ओळ असते, आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. झडपेचे आंकडे सेकंदाचे भाग दाखवितात: शंभरावा, दोनशेवा, चारशेवा. तिसरा आंकडा पृष्ठभागाच्या तीव्रतेचा, म्हणजे आयएसओचा. १०० पेक्षां २०० दुप्पट तीव्र, ४०० चौपट.

स्वच्छ उन्हासाठीं जुन्या लोकांचा एक ठोकताळा आहे. छिद्र १६ वर ठेवावें आणि आयएसओ १०० असेल तर झडप सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठेवावी. आतां पळतें मूल टिपावयाचें आहे, तर झडप चारशेव्या भागावर न्यावी. प्रकाश एक चतुर्थांश झाला, म्हणून छिद्र दोन पायऱ्या मोठें करून ८ वर आणावें. हिशेब मिटला. पण फुकट कांहींच मिळत नाहीं. छिद्र मोठें केलें कीं मागचें-पुढचें पुसट होतें. वेळ वाढविली कीं हात हलून चित्र फांकतें. आयएसओ वाढविला कीं चित्रांत रवाळपणा येतो. कोणती किंमत द्यावयाची हें ठरविणें, एवढेंच छायाचित्रकाराचें काम.

मग हें काम आपल्या हातून सुटलें केव्हां? १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली कीं कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा. तेथून चित्रें आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत येई. छिद्र आणि वेळ कारखान्यानेंच ठरवून दिलेली. १९०० सालीं त्याच कंपनीचा ब्राउनी हा कॅमेरा एका डॉलरला मिळूं लागला. सामान्य माणसाच्या घरीं चित्रें आलीं, हा त्याचा मोठा उपकार. पण न समजतांही चित्र निघतें, ही समजूतही तेथूनच रुजली.

पुढें १९२५ सालीं लायका या जर्मन कॅमेऱ्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म खिशांत आणली. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत बॉइल आणि स्मिथ यांनीं प्रकाशाचें विजेंत रूपांतर करून तें मोजणाऱ्या चकतीची कल्पना मांडली. १९७५ सालीं कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें तसल्या चकतीचा फिल्मविरहित कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र दहा हजार ठिपक्यांचें असे आणि तें फितीवर नोंदावयास २३ सेकंद लागत. आज प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनमध्यें त्याच वंशाचा कॅमेरा आहे. परंतु नीप्सचा पत्रा काय, टॅल्बटचा कागद काय आणि ही चकती काय, तिघांची भूक एकच: मापांत प्रकाश, मापांत वेळ.

आतां माझ्या आईच्या फोटोकडे वळतों. स्वयंचलित कॅमेरा समोरच्या साऱ्या दृश्याचा प्रकाश एकत्र मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या रंगाइतकी यावी अशा बेतानें माप ठरवितो. त्या दिवशीं बहुतेक दृश्य उन्हानें भरलेलें होतें. उजेड फार आहे असें पाहून त्यानें प्रकाश आंखडता घेतला. खिडकी बरोबर उमटली आणि सावलींतला चेहरा उपाशी राहिला. कॅमेऱ्याचा यांत कांहींच दोष नाहीं. खिडकी कोणती आणि आई कोणती, हें यंत्राला कळत नाहीं. तें सांगावयाचें काम माझें होतें.

आजचे फोन चेहरा ओळखून बरीच दुरुस्ती करतात, हें खरें. तरीही तीच चूक मी रोज पाहतों. उपाय सोपा आहे. बहुतेक फोनांत पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट टेकविलें कीं त्या जागेचा प्रकाश धरून माप ठरतें. त्याहून सोपा उपाय म्हणजे माणसाला वळवावें. खिडकी त्याच्या पाठीशीं नको, तोंडासमोर हवी. ऊन कडक असेल तर पडदा अर्धा ओढावा, म्हणजे उजेड मऊ होतो. खोली अंधारी असेल तर फोन टेबलाच्या कांठाला टेकवून धरावा, कारण तेथें झडप अधिक वेळ उघडी राहते.

गेल्या दिवाळींत माझी मावशी आली होती. आईहून ती बरीच धाकटी. तिचा चेहरामोहरा आईसारखा आहे असें सगळे म्हणतात. ती त्याच खिडकीशीं, उजेडाकडे पाठ करून बसली. मीं म्हटलें, "मावशी, जरा इकडे वळून, खिडकीकडे तोंड करून बस." ती म्हणाली, "अरे, डोळे दिपतात माझे." मीं पडदा अर्धा ओढला आणि थोडा वेळ थांबलों. मग काढला.

तो फोटो त्या जुन्या फोटोशेजारीं लावला आहे. जुना मीं काढून टाकला नाहीं. त्यांत निदान आईच्या पाठीचा बांक आणि सुपावरचा हात ओळखूं येतो. मला दिलेला वेळ आतां संपला. आपल्या घरांत जें वडीलधारें माणूस असेल, त्याला आज-उद्यां दिवस मावळण्यापूर्वीं खिडकीसमोर बसवा, एवढीच विनंति करून आपली रजा घेतों.